दोन मिनिटांची दवंडी

16 जानेवारी 1902. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली प्रयोगशाळा, टेबलावर भूल दिलेला कुत्रा आणि त्याच्यावर वाकलेले दोन मेहुणे. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग. स्टार्लिंगची बहीण गर्ट्रूड बेलिसला दिलेली. बेलिस सधन घरातला, शांत, आकडा दोनदा तपासल्याशिवाय वहीत न उतरवणारा. स्टार्लिंग अधीर. डोक्यात कल्पना यायचा अवकाश, हात कात्रीकडे गेलेला असायचा. असे दोघे एकाच टेबलाशी वर्षानुवर्षं भांडणाशिवाय उभे राहिले, हेच मला कितीदा तरी त्यांच्या शोधापेक्षा मोठं नवल वाटतं.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. जठरातला आंबट लगदा लहान आतड्यात उतरला की थोड्याच वेळात स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागतो. आतड्यात काय येऊन पडलं आहे, हे स्वादुपिंडाला कळवतं कोण? त्या काळी याचं एकच उत्तर होतं: मज्जातंतू. हे उत्तर पीटर्सबर्गहून आलं होतं आणि ते देणाऱ्या इव्हान पाव्हलॉव्हचा पचनाच्या अभ्यासातला दरारा असा होता की त्यावर शंका घेण्याचं कारण कोणाला दिसत नव्हतं. आतड्याला आम्ल लागतं, मज्जातंतू मेंदूला सांगतात, मेंदू स्वादुपिंडाला हुकूम देतो. संपलं.

बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि त्याच्याकडे जाणारे मज्जातंतू एकेक करून तोडले. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. आता त्या तुकड्यात आम्ल घातलं तर काहीच व्हायला नको होतं. घातलं, आणि स्वादुपिंडाच्या नळीतून थेंब पडू लागले. त्या दुपारी तिथे चार्ल्स मार्टिन नावाचे एक शास्त्रज्ञ हजर होते. त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की स्टार्लिंग म्हणाला, मग ही रासायनिक प्रतिक्षिप्त क्रिया असली पाहिजे. एवढं बोलून तो थांबला नाही. आतड्याचा आणखी एक तुकडा कापला, त्याचं आतलं अस्तर वाळू आणि सौम्य आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत टोचला. थोड्या वेळात स्वादुपिंड आधीपेक्षा जोरात स्रवू लागलं.

निरोप रक्तातून गेला होता. तो नेणाऱ्या पदार्थाला त्यांनी सिक्रीटीन म्हटलं आणि अशा सगळ्या निरोप्यांसाठी 1905 साली स्टार्लिंगने हॉर्मोन हा शब्द वापरात आणला. थायरॉइड, अॅड्रिनल या ग्रंथींकडे सगळ्यांचं लक्ष असताना संप्रेरकांच्या शास्त्राची रीतसर सुरुवात झाली ती आतड्याच्या अस्तरातून.

याच्या थोडं आधी फ्रान्समध्ये वेर्थायमर आणि लपाज या दोघांनी जवळजवळ हाच प्रयोग केला होता. मज्जातंतू तोडूनही स्वादुपिंड स्रवतं हे त्यांनाही दिसलं होतं. पण तोडता न आलेले काही बारीक तंतू मागे राहिले असतील, जवळपासच्या मज्जागाठींतून निरोप जात असेल, असं स्पष्टीकरण देऊन ते पुढे गेले. डोळ्यांसमोर पडणारे थेंब तेच होते.

मी बरीच वर्षं अकरावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवलं. जठर-आतड्याची संप्रेरकं तिथे एका परिच्छेदात उरकतात: गॅस्ट्रिन, सिक्रीटीन, कोलेसिस्टोकायनिन आणि जीआयपी. कुठे तयार होतं, काय करतं, याचा तक्ता फळ्यावर काढायचा, मुलांनी उतरवून घ्यायचा, परीक्षेत जोड्या लावा. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून मी दवंडीचा दाखला द्यायचे. दवंडी साऱ्या गावाच्या कानावर पडते; पण ‘ज्यांनी पाणीपट्टी भरली नाही त्यांनी’ असं म्हटलं की ज्याची थकलेली असते तोच दचकतो. सिक्रीटीन रक्तातून डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फिरतं. अंगठ्याला त्याचं काही नसतं. ज्या पेशींवर ते ओळखणारे ग्राही असतात, त्या तेवढ्या ऐकतात.

दवंडीचा दुसरा गुण मात्र मला स्वतःला उशिरा उमगला. ती संपते. सिक्रीटीनच्या सांगण्यावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस सोडतं, त्याने आतड्यातलं आम्ल मारलं जातं, आम्ल गेलं की सिक्रीटीन बाहेर पडायचं थांबतं आणि रक्तात उरलेलं काही मिनिटांत नाहीसं होतं. म्हणजे निरोप पोचला, काम झालं, की त्या कामानेच निरोपाचं तोंड बंद होतं. शरीराच्या दृष्टीने निरोप मिटणं हे निरोप जाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत आमच्या घरात जे चाललं आहे ते बघताना हीच गोष्ट डोक्यात फिरत असते. त्याच्याकडे मी येणार आहे.

त्याआधी पाव्हलॉव्ह. हा प्रयोग त्याच्याच प्रयोगशाळेत पुन्हा करून बघितला गेला, ती हकीगत त्याचा शिष्य बाबकिन याने सांगितली आहे. अर्क टोचला, स्वादुपिंड स्रवू लागलं. पाव्हलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि म्हणाला की अर्थातच त्यांचं बरोबर आहे, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही. 1904 साली त्याला नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठीच, आणि त्या कामाचा कणा होता मज्जातंतू. त्या अर्ध्या तासात खोलीत काय झालं असेल, याचा विचार करायला मला आवडतं. (याच प्रयोगशाळेत कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनावरचं औषध म्हणून विकला जायचा आणि त्यावर संशोधनाच्या खर्चाचा काही भाग निघायचा. घेणारे लोक तो खरंच प्यायचे.)

वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, “मॅडम, त्या कुत्र्याचं काय झालं?” त्या दुपारच्या कुत्र्याबद्दल कुठे काही नोंद नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका कुत्र्याचा मात्र पुतळा आहे. 1903 च्या फेब्रुवारीत बेलिसने विद्यार्थ्यांपुढे एका तपकिरी टेरियरवर प्रात्यक्षिक केलं. त्याच कुत्र्यावर डिसेंबरात स्टार्लिंगने स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया केलेली होती. बघणाऱ्यांत दोन स्वीडिश तरुणी होत्या, लिझी लिंड आफ हागेबी आणि लायसा शार्टाउ. प्राण्यांवरच्या प्रयोगांना त्यांचा विरोध होता आणि आत काय चालतं ते कळावं म्हणून त्यांनी वैद्यकाच्या वर्गात नाव घातलं होतं. कुत्रा हालचाल करत होता, त्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असं त्यांनी लिहिलं. स्टीफन कोलरिज नावाच्या वकिलाने ते भर सभेत सांगितलं. बेलिसने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला: 2000 पौंड भरपाई, वर खटल्याचा खर्च. भरपाईची रक्कम त्याने कॉलेजला संशोधनासाठी देऊन टाकली.

प्रकरण तिथे मिटलं नाही. 1906 साली बॅटरसीमध्ये त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो फोडायचे प्रयत्न केले, 1907 च्या डिसेंबरात लंडनच्या रस्त्यांवर दंगली झाल्या, पुतळ्यावर पोलीस पहारा बसला आणि शेवटी 1910 साली नगरपालिकेने रातोरात तो हलवला. नवा बसला तो थेट 1985 मध्ये. खटल्यात स्टार्लिंगने एक गोष्ट कबूल केली होती: एकच प्राणी दोनदा वापरायला कायद्याची मनाई होती आणि त्याने तो वापरला, कारण दुसरा कुत्रा मारावा लागू नये. मला हे वाक्य फार खरं वाटतं आणि फार अस्वस्थ करतं. त्या दोघींनी जे पाहिलं ते त्यांनी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. आणि तो अभ्यास झालाच नसता तर बरं, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. वर्गात मी एवढंच सांगायचे की कुत्रा मेला आणि त्याचा पुतळा आहे. मुली पुतळ्याचा फोटो मागायच्या, मुलं दंगलीबद्दल विचारायची. तक्ता त्या दिवशी पूर्ण व्हायचा नाही.

गॅस्ट्रिनची गोष्ट याहून शांत आहे, आणि वाईट. जॉन एडकिन्सने 1905 साली सांगितलं की जठराच्या खालच्या टोकाच्या अस्तरातही असाच एक पदार्थ आहे आणि तो आम्ल सुटायला लावतो. पुढे लक्षात आलं की हिस्टामीन टोचलं तरी आम्ल सुटतं आणि हिस्टामीन तर शरीरात बहुतेक सगळीकडे असतं. झालं. एडकिन्सचं गॅस्ट्रिन म्हणजे अर्कात राहिलेलं हिस्टामीन, असं ठरलं. तो 1940 साली वारला. 1964 मध्ये लिव्हरपूलला ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं आणि ते हिस्टामीन नव्हतं, एडकिन्सने म्हटलं होतं तेच होतं.

या सगळ्याला इतका वेळ का लागला, याला एक कारण आहे. थायरॉइड काढता येते. ती काढून काय बिघडतं ते बघायचं, मग तिचा अर्क देऊन सुधारतं का ते बघायचं, अशी अभ्यासाची वाट सरळ होती. आतड्याची संप्रेरकं करणाऱ्या पेशींचा असा गोळा कुठे नाहीच. अस्तरातल्या साधारण शंभर पेशींमागे एक, अशा त्या जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत विखुरलेल्या असतात. सगळ्या एकत्र केल्या तर शरीरातली सर्वांत मोठी अंतःस्रावी ग्रंथी व्हावी, पण ती हातात धरून दाखवता येत नाही. म्हणून स्टॉकहोममध्ये व्हिक्टर मुट, हा एस्टोनियातून आलेला निर्वासित, आणि त्याचे वरिष्ठ योर्पेस वर्षानुवर्षं कत्तलखान्यातून डुकरांची आतडी टनांनी आणत राहिले. ती उकळायची, गाळायची, आणि हाती मिलिग्रॅममध्ये मोजावी अशी भुकटी. सिक्रीटीन ही 27 अमिनो आम्लांची साखळी आहे, हे त्यातून कळलं. माझ्या तक्त्यात त्याला एक ओळ होती.

कोलेसिस्टोकायनिनची ओळख आपल्यापैकी पुष्कळांना झालेली असते, नाव माहीत नसताना. पोटाची सोनोग्राफी असली की सांगतात, रिकाम्या पोटी या. त्यामागचं एक कारण म्हणजे पित्ताशय भरलेलं, फुगलेलं दिसायला हवं. तुम्ही येताना तूप लावलेली पोळी खाऊन आलात तर आतड्याला लागलेल्या स्निग्धाने कोलेसिस्टोकायनिन रक्तात सुटलेलं असतं आणि त्याच्या सांगण्यावरून पित्ताशयाने आकसून आपलं पित्त आतड्यात ओतलेलं असतं. शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांना हे 1928 साली कळलं. 1943 मध्ये मँचेस्टरला हार्पर आणि रेपर यांना स्वादुपिंडातून विकरं सोडायला लावणारं एक संप्रेरक सापडलं आणि त्याचं वेगळं नाव ठेवलं गेलं. दोन्ही एकच, हे पुढे स्टॉकहोमच्या त्याच भुकटीतून सिद्ध झालं.

तेच संप्रेरक जठराला सांगतं की सावकाश सोड, खाली काम चालू आहे. आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला सांगतं की पुरे. 1973 साली उंदरांवर हे दाखवलं गेलं: कोलेसिस्टोकायनिन टोचलं की उंदीर जेवण लवकर आटोपतो. वजन घटवण्याचं औषध हाती आलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. मग 1984 मध्ये कोणीतरी दर जेवणाला ते देऊन बघितलं. जेवणं लहान झाली खरी, पण उंदरांनी जेवणांची संख्या वाढवली. हा प्रयोग मला अतिशय आवडतो. शरीर हिशेबाला किती पक्कं असतं, ते त्यात दिसतं.

आता आपल्या पंगतीकडे बघा. वरणभात तुपासकट पोटात जातो आणि ही सगळी यंत्रणा हलायला लागते. ‘पुरे’चा निरोप तयार व्हायला, पोचायला काही मिनिटं लागतात. शिवाय आतड्याच्या शेवटच्या भागातून सुटणारी जीएलपी-1 आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरकं भरात यायला आणखी वेळ घेतात. नेमक्या त्या मधल्या वेळात यजमान जिलबीचं ताट घेऊन येतो आणि आग्रह सुरू होतो. आमच्या सासूबाईंना ही वेळ बरोबर साधायची. पाहुणा नको म्हणायच्या आत पानात दोन पडलेल्या असत, आणि पाचव्या मिनिटाला तो पाहुणा पाटावरच मागे रेलून बसलेला असे. 2010 साली अथेन्समध्ये 300 मिलिलिटर आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला देऊन बघितलं गेलं. सावकाश खाल्लं तेव्हा ही दोन्ही संप्रेरकं रक्तात जास्त चढली. तीनशे मिलिलिटर आइस्क्रीम अर्धा तास पुरवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे.

पोटात कावळे ओरडतात त्यामागेही एक संप्रेरक आहे, मोटिलिन. जठर आणि लहान आतडं रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट वरून खाली जाते आणि उरलासुरला कचरा पुढे ढकलते. गुडगुड ऐकू येते ती बरेचदा हीच साफसफाई. काही खाल्लं की ती थांबते. उपासाने पोटाला विश्रांती मिळते असं म्हणतात. खरं तर तेव्हा तिथे झाडझूड चालते. पण एकादशी दुप्पट खाशी असली, सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ, मध्ये वेफर्स आणि राजगिऱ्याची वडी, तर त्या बिचाऱ्या लाटेला दिवसभर सवड मिळत नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे मात्र जठरातून येतं आणि ते जपानमध्ये 1999 साली सापडलं. ते जेवणाआधी चढतं आणि तुमच्या जेवणाच्या सवयीच्या वेळा पाळतं. निवृत्त होऊनही मला कॉलेजच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला भूक लागायची. घंटा बंद झाली होती, जठराला कोणी कळवलं नव्हतं.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझे दीर गेली बरीच वर्षं मधुमेही आहेत आणि लठ्ठही. त्यांना आता दर रविवारी सकाळी पोटावर एक इंजेक्शन घ्यायचं असतं. त्या औषधाची मुळं माझ्या तक्त्याच्या बाहेरची आहेत.

सिक्रीटीन सापडल्यावर चारच वर्षांत, 1906 मध्ये, लिव्हरपूलला बेंजामिन मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांना आतड्याच्या अस्तराचा अर्क देऊन पाहिला. स्वादुपिंडाला आतडं पाचकरसासाठी सांगतं, तर साखरेसाठीही सांगत असेल, हा त्यांचा तर्क होता. इन्सुलिन सापडायला अजून दीड दशक अवकाश होता. तर्क बरोबर निघाला, पण तो सिद्ध व्हायला रक्तातलं इन्सुलिन मोजता यावं लागलं आणि ती पद्धत 1960 च्या सुमारास यॅलो आणि बर्सन यांनी दिली. लगेच, 1964 मध्ये, दिसलं की ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन थोडं वाढतं आणि तेच तोंडाने घेतलं तर खूप जास्त. सलाइनच्या बाटलीतल्या साखरेची वर्दी आतडं देत नाही. गिळलेल्या साखरेची देतं.

वर्दी देणारं पहिलं संप्रेरक निघालं जीआयपी. दुसरं होतं जीएलपी-1, आणि त्याचा माग एका माशातून लागला. अँगलरफिशच्या शरीरात इन्सुलिन आणि त्याच्या उलट रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकागॉन करणाऱ्या पेशी स्वादुपिंडात विखुरलेल्या नसून वेगळ्या गाठीत असतात, म्हणून बोस्टनमध्ये जोएल हॅबेनर यांच्या प्रयोगशाळेने ग्लुकागॉनच्या जनुकासाठी तो मासा घेतला. त्या जनुकात ग्लुकागॉनसारखं आणखी काहीतरी लिहिलेलं निघालं. सस्तन प्राण्यांतल्या जनुकात त्याचा जो जोडीदार दिसला, त्याचा नेमका कोणता तुकडा काम करतो हे ओळखलं स्वेतलाना मोइसोव्ह यांनी. 1987 मध्ये बोस्टनला आणि तिकडे कोपनहेगनला येन्स होल्स्ट यांच्या प्रयोगशाळेतही दिसलं की हा तुकडा स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवतो, आणि तेही साखर चढलेली असेल तेव्हाच जोरात. मोइसोव्ह यांना पेटंटवर आपलं नाव लागावं म्हणून झगडावं लागलं आणि बाहेरच्या जगाला त्यांचं नाव कळायला फार वर्षं गेली. 2024 चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार त्यांना हॅबेनर आणि लोटे क्नुडसेन यांच्याबरोबर मिळाला.

पण औषध करायचं तर अडचण होती ती दवंडीचीच. जीएलपी-1 रक्तात आलं की दोनेक मिनिटांत निम्मं निकामी होतं. डीपीपी-4 नावाचं एक विकर त्याच्या मागावरच असतं. सुटलेल्यातलं बरंचसं आतड्याच्या आसपासच तुटतं, शेजारच्या मज्जातंतूंना काय सांगायचं ते सांगून. असं औषध टोचून घ्यायचं तर सुई शिरेतून काढताच येणार नाही.

तोड निघाली ती अमेरिकेतल्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याकडून. गिला मॉन्स्टर वर्षात मोजकीच जेवणं जेवतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जॉन एंग यांना 1992 साली त्याच्या विषात जीएलपी-1 सारखाच, पण डीपीपी-4 ला दाद न देणारा पदार्थ सापडला. त्यावरून केलेलं औषध 2005 मध्ये आलं, दिवसातून दोनदा टोचायचं. डेन्मार्कमध्ये क्नुडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली: माणसाच्याच जीएलपी-1 ला स्निग्धाम्लाची शेपटी लावायची म्हणजे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं. त्यातून रोज एकदा घ्यायचं लिराग्लुटाइड आलं आणि पुढे आठवड्यातून एकदाचं सेमाग्लुटाइड. जीएलपी-1 आणि जीआयपी या दोघांचंही काम करणारं टिर्झेपटाइड भारतात आलं 2025 च्या मार्चमध्ये.

भाऊजींचं पोट सुरुवातीला बिघडलं. मळमळ, आंबट ढेकर, सकाळचं काम रखडणं. जठर इतकं सावकाश रिकामं व्हायला लागलं की रात्रीचा बटाटेवडा सकाळी आठवण द्यायचा. ते बसलं, आणि मग एका सणाला पुरणपोळी समोर असताना ते अर्धी खाऊन थांबले. कोणी काही म्हटलं नव्हतं. मला म्हणाले, “वहिनी, नको वाटतं असंही नाही. चव छान आहे. पण पूर्वी आतून कोणीतरी सारखं विचारायचं ना, आणखी घेऊ या का, घेऊ या का? ते बंद झालंय.”

ज्यांना आयुष्यभर “जिभेवर ताबा नाही” असं घरच्यांनी, नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनीही ऐकवलं, त्या माणसाचं हे वाक्य. ताबा आठवड्याच्या सुईतून येत असेल तर इतकी वर्षं आम्ही कशाबद्दल बोलत होतो? ज्यांच्या पोटातून ‘पुरे’ वेळेवर येतं, त्यांनी ते आपलं कर्तृत्व समजायचं आणि ज्यांच्या येत नाही त्यांना उपदेश करायचा, ही आपली रीत मला आता सहन होत नाही. एका लग्नात कोणीतरी त्यांना म्हणालं, इंजेक्शनने काय, कोणीही बारीक होईल. ते हसले. मला ते हसणं जमलं नसतं.

पण दुसरी गोष्टही मनातून जात नाही. जो निरोप शरीराने दोन मिनिटांत पुसायचा असं ठरवलेलं, तो आठवडाभर रक्तात घुमत ठेवलेला आहे, तोही एरवी कधीच नसतो इतका मोठ्याने. प्राण्यांवरच्या अभ्यासात ही औषधं मेंदूतल्या काही भागांपर्यंत स्वतः पोचलेली दिसतात, जिथे आतड्यातून सुटलेलं जीएलपी-1 फारसं जातच नाही. दवंडीवाला आता पारावरून उठतच नाही. यात वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. भाऊजींची साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं सुधारलं आहे. मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडवर 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि हे आकडे उंदरांचे नव्हेत. कोलेसिस्टोकायनिनला चुकवून उंदरांनी जेवणं वाढवली. इथे शरीराला पळवाट सापडलेली दिसत नाही, निदान औषध चालू असेपर्यंत.

बंद केलं की सापडते. त्याच चाचणीतल्या काही लोकांचा औषध थांबवल्यावर वर्षभर माग ठेवला गेला तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोनतृतीयांश परत आलं होतं. मी हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग महिन्याचा खर्च गुणिले बारा असा हिशेब वर्तमानपत्राच्या कडेला मांडायला लागले. डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी जन्मभर घेताच ना, तसंच समजा. बीपीची गोळी या किमतीला मिळत नाही, हे भाऊजींनी त्यांना तिथेच ऐकवलं.

डोस हळूहळू कमी करून बघायचा, की दोन सुयांमधलं अंतर वाढवायचं, यावर त्यांचं आणि डॉक्टरांचं बोलणं अजून चालू आहे. दरम्यान त्यांच्या सगळ्या पँटी कमरेत ढिल्या झाल्यात. परवा चार पँटी आल्टर करायला टाकल्या. शिंप्याला बजावून आलेत, कापड कापू नकोस, आत भरपूर माया ठेव.